एवढं नटून कुठे निघालीस?

गच्चीवरची_जाई

गेल्या महिन्यात मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः दुकानात जाऊन, स्वतःच्या पैशांनी लिपस्टिक घेतली. वय वर्षं ४६. माझ्या लग्नात आणि दिराच्या लग्नात पार्लरवालीनं जे काय थापलं होतं ते मी हिशोबात धरत नाही. काउंटरवरच्या मुलीनं माझ्या मनगटावर पाच रेघा ओढल्या. त्या पाच रेघा घेऊन मी दुकानाबाहेर आले, उन्हात हात धरला, परत आत गेले आणि तिसरी घेतली. विटकरी. जुन्या कौलाचा असतो तो रंग. ३२५ रुपये.

संध्याकाळी भाजी आणायला जायचं होतं. बेसिनवरच्या आरशात बघून लावली. बाहेर आले तर लेक म्हणाली, "कुठे निघालीस?" नवरा म्हणाला, "कोणी येणारे का?" सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बारीक केला आणि विचारलं, "कोणाकडे काही आहे का गं आज?" कोणी वाकडं बोललं नाही हं, आधीच सांगते, नाहीतर तुम्ही लगेच सासूबाईंवर घसराल. तिघांना खरंच प्रश्न पडला होता.

"काही नाही, मेथी आणायचीये," म्हटलं आणि चपला घालता घालता ओढणीच्या टोकानं ओठ पुसून टाकले. ओढणी पांढरी. डाग अजून गेलेला नाही.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. मी रोज काजळ घालते, पावडर लावते, टिकली लावते. त्यावर कधी कोणी काही विचारलेलं नाही. आईच्या फणेरपेटीतही हेच असायचं. म्हणजे काजळ, पावडर, टिकली आंघोळीत जमा, आणि लिपस्टिक लावली की तो नट्टापट्टा. त्याला निमित्त हवं, पत्रिका हवी. ही रेघ नक्की कुठे आहे आणि कोणी मारली?

तुम्ही रोज काय लावता, आणि लावलं की (किंवा नाही लावलं की) काय ऐकावं लागतं, लिहा.

चिंचेचं_पान

रुमाल टाकून ठेवते. डबे भरून झाले की येते.

हिंजवडीची_बस

ओढणीचा डाग वाचून जीव हळहळला. आधी बेबी ऑइल किंवा खोबरेल चोळा, मग भांड्यांचा साबण. पाण्यात आधी घालू नका, मेण असतं त्यात.

माझा किस्सा. नोकरीच्या पहिल्या वर्षी सगळ्याजणी 'न्यूड' लिपस्टिक लावतात म्हणून मीही मागवली. आता न्यूड म्हणजे अंगाच्या रंगाची. पण कोणाच्या अंगाच्या? माझ्या तर नक्कीच नाही. मी चांगली गव्हाळ-सावळी. लावून आरशात बघितलं तर ओठ गायब. ऑफिसात टीम लीडनं काळजीनं विचारलं, "बरं वाटत नाहीये का? घरून काम कर." मी गेले घरी. फुकटची सुट्टी मिळाली, एवढाच त्या लिपस्टिकचा फायदा.

जाई, तुम्ही उन्हात हात धरलात ते शंभर टक्के बरोबर केलंत. दुकानातले पिवळे दिवे फसवतात. फाउंडेशन घ्याल तर मनगटावर बघूच नका. जबड्याच्या कडेला, गळ्याकडे उतरती रेघ ओढा आणि खाली जाऊन चहा पिऊन या. वीस मिनिटांत चेहऱ्याच्या तेलाशी मिसळून बरीचशी फाउंडेशन्स गडद होतात. आणि आपल्यासाठी फिकी निघाली तर चेहरा राखाडी दिसतो, गणपतीच्या मूर्तीला रंग द्यायच्या आधीचा असतो तसा.

नानिवडेकर_काका

साधेपणातच खरं सौंदर्य असतं असं आमचं आपलं मत. बाकी चालू द्या.

चिंचेचं_पान

काका, साधेपणानं दाढी रोज करता की एक दिवसाआड?

नानिवडेकर_काका

रोज. आफ्टरशेव्हसकट. विषय संपला माझ्याकडून. :)

पिंजर_आणि_मेण

माझं वय ७१, सांगली. नातवानं टायपिंग शिकवलंय, चुका पोटात घाला.

जाईबाई विचारतात रेघ कोणी मारली. ती रेघ दर वीस-पंचवीस वर्षांनी हलते, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या आईकडे मेणाची एक चपटी डबी होती. करंगळीच्या टोकानं मेणाचा गोल कपाळावर ठेवायची, त्यावर कोरडं पिंजर कुंकू बोटानं दाबायची आणि मग ओल्या फडक्याच्या टोकानं कडा अशी कोरायची की नाणं ठेवलंय वाटावं. करमाळा तालुक्यातल्या केमहून कुंकू यायचं. हळदीला टाकणखार आणि लिंबू लावलं की लाल होते, ते खरं कुंकू. या सगळ्याला पाच मिनिटं सहज लागत. पण त्याला कोणी नटणं म्हणत नव्हतं, त्याला "आवरणं" म्हणत.

मग बाटलीतलं ओलं कुंकू आलं, काडीनं लावायचं. मी कॉलेजात त्याची चंद्रकोर काढली तर आजी आठ दिवस बोलली नाही. मग टिकल्या आल्या. टिकली लावते म्हणून माझ्या थोरल्या जावेला "उसनं कुंकू" म्हणून टोमणे बसलेत. आज त्याच टिकलीला तुम्ही "आंघोळीत जमा" म्हणताय. तेव्हा तुमची विटकरी लिपस्टिकही एक दिवस आंघोळीत जमा होईल, फार तर तुमच्या लेकीच्या वेळी.

आणखी एक. तुम्हाला लावलं तर विचारतात. आम्हाला नाही लावलं तर विचारत. दोन्हीतलं कुठलं बरं ते मला या वयातही सांगता यायचं नाही.

हिंजवडीची_बस

आजी, दंडवत. "आवरणं" आणि "नटणं"!! हे दोन शब्द वेगळे आहेत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

प्रयोगशाळेतला_उंदीर

रेघेचा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आलाय, गंमत नाही. पेंढारकरांची परळला सुरू झालेली विको कंपनी, त्यांची हळदीची क्रीम. अबकारी खातं म्हणे ही प्रसाधनं, त्यांचा कर भरा. कंपनी म्हणे हे आयुर्वेदिक औषध. वर्षानुवर्षं खटला चालला आणि शेवटी कंपनी जिंकली. म्हणजे "हे काही मेकअपमध्ये येत नाही" हे वाक्य आपल्या घरात आया म्हणतात आणि कोर्टात वकील.

त्याच जातीची आणखी एक गोष्ट. चेहऱ्याला लावायचा तो अफगाण स्नो आठवतो का कोणाला? मुंबईच्या पाटणवालांनी १९१९ मध्ये काढला. मग १९५२ मध्ये टाटांच्या तेलाच्या कंपनीनं लॅक्मे सुरू केली. नाव एका फ्रेंच ऑपेराचं, आणि त्या ऑपेराचं नाव म्हणजे आपल्या लक्ष्मीचा फ्रेंच उच्चार. लक्ष्मी पॅरिसला जाऊन आली आणि लिपस्टिक झाली. त्यानंतर तिला घरात घ्यायला कोणाची हरकत राहिली नाही.

पिंजर_आणि_मेण

अफगाण स्नो आमच्या आत्याकडे होता. कपाटात, साड्यांच्या खाली. लावायची आणि वर पावडर फिरवायची, म्हणजे वास पावडरचा येईल.

कर्दळ

धागा हलकाफुलका चाललाय, मी जरा वेगळं लिहिते. जड वाटलं तर पुढे जा.

बाबा २०१९ मध्ये गेले. दहाव्याला काय काय झालं ते लिहीत नाही, बऱ्याच जणींना माहीत असेल. आई रोज मोठी मरून टिकली लावायची. आरशाच्या कडेला टिकल्यांची रांग असायची, रात्री काढून चिकटवलेली. ती रांग तिनं स्वतःच खरवडून काढली. आम्ही दोघी बहिणींनी खूप सांगितलं. "नको गं, बायका बोलतात," एवढंच. पावडर बंद, गजरा बंद. रंगीत साडी मात्र आम्ही भांडून चालू ठेवली.

आईचं माहेर शिरोळ तालुक्यातलं. मे २०२२ मध्ये तिथल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात सरकारनंही राज्यातल्या बाकीच्या ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढलं. आईनं ती बातमी कापून देव्हाऱ्याच्या खणात ठेवली, बोलली काही नाही. मला वाटलं होतं दुसऱ्या दिवशी टिकली दिसेल. नाही दिसली. दिवाळी गेली, संक्रांत गेली.

मग एका रविवारी मी स्वयंपाकघरात गेले तर ती डाळीच्या स्टीलच्या डब्याच्या झाकणात बघून टिकली लावत होती. आरशासमोर नाही. त्या झाकणात नीट दिसतही नाही, चेहरा ताणलेला दिसतो. काळी, बारीक, मोहरीएवढी टिकली. लावली आणि कुकरची शिट्टी काढली.

जाई, तुम्हाला तिघांनी विचारलं तरी. आईला कोणीच काही विचारलं नाही. काका आले, शेजारच्या मावशी आल्या, सगळ्यांनी एकदा कपाळाकडे बघितलं आणि चहाकडे बघायला लागले. तिला त्यापेक्षा कोणी "कुठे निघालात?" विचारलेलं चाललं असतं.

आता मोहरीची मसूर झालीये. रंग अजून काळाच आहे. मी विचारत नाही.

चिंचेचं_पान

काय लिहू. डब्याचं झाकण डोळ्यांसमोरून जात नाहीये.

पिंजर_आणि_मेण

कर्दळ, आईंना माझा नमस्कार सांग. सांगलीहून एका बाईनं विचारलंय म्हणावं. माझे हे जाऊन सहा वर्षं झाली. मी पहिल्या दिवसापासून लावते, पण मला बोलणारं कोणी वर उरलं नव्हतं, त्यामुळे त्यात शौर्य काही नाही.

काउंटर_नंबर_३

बरेच दिवस नुसता वाचत असतो, आज खातं उघडून लिहितोय. मी पुरुष आहे, ३४, विदर्भात बँकेत काउंटरवर बसतो. आणि रोज मेकअप करतो.

मला कोड आहे. एकोणिसाव्या वर्षी ओठाच्या कोपऱ्यात तांदळाएवढा डाग आला, मग पापण्या, मग हनुवटी. उपचार चालू आहेत, त्यावर सल्ले नकोत. कृपया. गोमूत्र, बावची, बाबा, सगळं करून झालंय.

बहिणीच्या लग्नात तिच्या मेकअपवालीनं मला कोपऱ्यात बसवून दाखवलं. साधं फाउंडेशन कोडावर टिकत नाही, पातळ पडतं. घट्ट, जास्त रंगद्रव्याची क्रीम लागते. मी दोन शेड मिसळतो, कारण उन्हाळ्यात बाकीचा चेहरा रापतो, डाग रापत नाही, आणि हिवाळ्याची शेड मे महिन्यात चालत नाही. तळहाताच्या मागे मिसळायची, बोटाच्या उबेनं मऊ करायची आणि थोपटत लावायची. घासायची नाही. कडेला थोडी बाहेर न्यायची. मग वर भरपूर पावडर, दहा मिनिटं तशीच ठेवायची आणि ब्रशनं झटकायची. त्या दहा मिनिटांत मी शर्टाला इस्त्री करतो, चेहरा पांढराफटक, एखाद्या दशावताऱ्यासारखा. बायकोनं फोटो काढून ठेवलाय. घाम पुसायचा तर रुमाल फिरवायचा नाही, टेकवायचा. आमच्याकडे ४५ अंशांत हे सांभाळणं सोपं नाही.

माझं तुमच्या उलट आहे. मी लावून गेलो की कोणी काही विचारत नाही, न लावता गेलो की विचारतात. "साहेब, भाजलं का?" एका म्हाताऱ्या बाईनं माझ्याकडून सुट्टे पैसे घेतले नाहीत, शेजारच्या काउंटरवर जाते म्हणाली. त्यांच्यावर राग नाही. पण त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन परत चेहरा केला.

रविवारी लावत नाही. रविवारी पोरीला पाठकुळी घेऊन मटण आणायला तसाच जातो. ती बोटानं माझ्या हनुवटीवरच्या डागाची कड गिरवत बसते.

नानिवडेकर_काका

सकाळचं माझं वाक्य मागे घेतो.

सावंतवाडीचो_पाहुणो

काउंटरभाऊ, दशावताराचं नाव काढलंत म्हणून. माझा मामा दशावतारात स्त्रीपार्टी करायचा. तिकडे मेकअपमन वगैरे नाही, ज्याचा चेहरा त्यानंच रंगवायचा. देवळाच्या बाजूला पत्र्याच्या पेटीवर आरसा टेकवून, मांडी घालून तासभर. त्या तासात त्याच्याशी बोलायची सोय नाही. दाढीची निळी झाक कशी झाकायची, भुवई खाली कुठे आणायची, हे मी त्याच्याकडे बघून शिकलो. (उपयोग शून्य, मी सिव्हिल इंजिनियर आहे.)

रात्रभर नाटक व्हायचं, पहाटे तोंड धुऊन सगळे घरी. पण खोबरेल कितीही चोळा, पापणीच्या मुळाशी काजळ राहतंच. सकाळी मामा तसाच चहाच्या टपरीवर, मग तसाच नांगराला. डोळ्यांत काजळ, खांद्यावर जू. गावात कोणी कधी हसलं नाही. सगळ्यांना माहीत होतं ना, कुठून आलाय ते.

आता बघा, जाईताईंना विचारतात कुठे निघालीस, आणि मामाला विचारायची गरजच नव्हती. बालगंधर्वांचं पण तेच. त्यांच्या साडीची, गजऱ्याची नक्कल घराघरातल्या बायका करत. पुरुषानं बाई होऊन नटायचं आणि बायकांनी त्याच्याकडून शिकायचं, हे चालून गेलं, कारण मध्ये स्टेज होतं.

प्रयोगशाळेतला_उंदीर

मी कॉस्मेटिक्सच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे, म्हणून थोडं कामाचं. रंगाचा बेरंग करतोय, पण.

टिकली. कपाळावर टिकलीच्या जागी खाज येत असेल तर लगेच थांबा. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्यूटिल फिनॉल असतं, ते त्वचेचा रंग बनवणाऱ्या पेशी मारतं. बरोबर टिकलीच्या आकाराचा पांढरा गोल उमटतो. थांबवलं तर कधी रंग परततो, कधी नाही. रात्री काढून झोपा, आणि त्रास होत असेल तर सरळ कुंकू किंवा पेन्सिल. कर्दळ, हे आईंसाठी नाही हं, त्यांनी लावत राहावं, फक्त खाज येते का तेवढं बघा.

आठ दिवसांत गोरं करणारी, लेबल नसलेली किंवा वेगळ्याच लिपीतलं लेबल असलेली क्रीम, जी पार्लरमध्ये "आतून" मिळते, ती घेऊ नका. त्यात पारा असू शकतो. भारतात क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. तो रंग खरंच उतरवतो, म्हणूनच खपतो, आणि मूत्रपिंडं घालवतो. २०२३ मध्ये अकोल्याच्या एका घरातल्या तिघींची बातमी आली होती, कारण निघालं क्रीम. दुसरी जात म्हणजे स्टेरॉइडचं मलम, मेडिकलमधून कोणीतरी सांगितलं म्हणून आणलेलं. सुरुवातीला चेहरा उजळतो, बंद केलं की लाल भडक आणि पुरळ.

काजळ, मस्कारा बहिणीशीही वाटून घेऊ नका. आणि डबीवर उघड्या झाकणाचं चिमुकलं चित्र असतं, त्यात ६ किंवा १२ लिहिलेलं असतं. उघडल्यापासून तेवढेच महिने. एक्सपायरी वेगळी, हे वेगळं. घरोघरी दहा वर्षांची लिपस्टिक "लग्नातली आहे" म्हणून फ्रीजच्या दारात असते, ती टाका.

हिंजवडीची_बस

फ्रीजचं दार!! तुम्ही आमच्याकडे येऊन गेलात का?

काउंटर_नंबर_३

उंदीरभाऊ, टिकलीचं अगदी खरं. माझ्या डॉक्टरांनी आमच्या घरातल्या सगळ्यांना ते सांगून ठेवलंय.

पाहुणेभाऊ, मामांना सांगा पापणीवरचं काजळ काढायला खोबरेल नाही, क्लीन्झिंग बाम.

सावंतवाडीचो_पाहुणो

मामा २०१४ मध्ये गेले. पण सांगतो.

ठाणे_स्लो

अवांतर होईल, पण ७.५२च्या लेडीज डब्यात या कोणीतरी. एक जण आयलायनर लावते, दुसरी तिची हनुवटी धरते, कारण मुंब्र्याला गाडी हलते. मी गेली नऊ वर्षं लिपस्टिक घरी लावलेली नाही. घरी लावली की "कुठे". गाडीत लावली की शेजारची म्हणते "वरचा ओठ राहिला."

गच्चीवरची_जाई

चार दिवस वेळ मिळाला नाही, आज सगळं एका दमात वाचलं. कर्दळ, काउंटर, तुमच्या पोस्टना उत्तर द्यायला घेतलं आणि तीनदा खोडलं. राहू दे.

हिंजवडी, खोबरेल आणि साबणानं डाग पुसट झालाय, गेला नाही.

काल परत लावली. त्याच वेळी, त्याच बेसिनवर. लेक म्हणाली, "कुठे निघालीस?" म्हटलं, "मेथी." ती म्हणाली, "परवाच आणलीस ना?" म्हटलं, "मग पालक." पुसली नाही. भाजीवाली माझ्याकडे न बघता कोथिंबीर महाग झाल्याचं सांगत राहिली. घरी येऊन चहा केला तर कपाच्या कडेला विटकरी चंद्रकोर. घासताना जात नव्हती, नखानं काढली.

चिंचेचं_पान

जाई, शेडचा नंबर द्या ना. जुन्या कौलाचा रंग मला कधीची हवाय.

गच्चीवरची_जाई

नंबर तळाच्या स्टिकरवर होता. आज बघायला गेले तर स्टिकर अर्धा खरवडलेला. सासूबाईंना विचारलं. किंमत बघत होते म्हणाल्या.